पाण्याखालचा बांध

आसारामतात्याचं रान आठ महिने पाण्याखाली असतं, अन् तात्या त्याची राखण बारा महिने करतो. असला खुळा मानूस उभ्या नगर जिल्ह्यात न्हाई.

आमचं गाव धरणाच्या फुगवट्याकाठी. मी मच्छिंद्र, हितला होडीवाला. उन्हाळ्यात पानी वसरलं की रानं उघडी पडत्यात, लोक कलिंगडं लावत्यात. पाऊस झाला की समदं पुन्हा बुडतं. तात्या मात्र बुडालेल्या बांधावर तेलाचे रिकामे कॅन तरंगते बांधतो, अन् होडक्यात बसून पहारा देतो.

"ए मच्छ्या! रानातनं कुठं घुसलास? पाणंदीनं जा!"

"तात्या, खाली दोन पुरुष पानी हाय. रान कुठलं आलं?"

"रान जिथल्या तिथं हाय. पानीच उपरं हाय!"

आता काय डोकं फोडून घ्यायचं? वाद घातला तर वल्हं हिसकावून घेतो. म्हणून आमी समदे बुडालेल्या पाणंदीवरनं, लांबचा फेरा घालून जातो.

शेजारचं रान तात्याच्या धाकट्या भावाचं, काकासाहेबाचं. बांधावरनंच दोघांचं बोलणं बंद. काकासाहेब रागानं पलीकडच्या काठाला राहायला गेला.

गेल्या श्रावणात तात्याच्या बायकोला, बनुबाईला, गवत कापताना साप चावला. दवाखाना पलीकडच्या काठाला, सडकेनं लई लांब. तिला होडीत घातलं. तात्या तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी सवयीनं होडी पाणंदीकडं वळवली.

"मुडद्या, फेरा कशाला घालतोस? घाल माझ्या रानातनं! बनी जाईल रं माझी!" तात्या लहान पोरावानी रडत हुता.

कॅन बाजूला सारून आमी त्याचं रान ओलांडलं. काकासाहेबाचा बांध आला, अन् तात्यानं हात वर केला.

"थांब."

आईशप्पथ, वल्हं त्याच्याच डोक्यात घालणार हुतो. बाईचे डोळे मिटाय लागले, अन् ह्यो बांध बघतोय! तात्यानं मोबाईल लावला.

"काका, बनीला साप चावलाय. तुझ्या रानातनं येऊ का रं?"

पलीकडनं काकासाहेब एवढ्या जोरात बोंबलला की मलाबी ऐकू आलं. "इचारतोस काय, दादा! ये सरळ! काठावर टेम्पो आनतो!"

बनुबाई वाचली. देवाची किरपा.

पुढं आठवडाभरानं मी खुशीत होडी सरळ रानात घातली. बघतो तर दोघं भाऊ एकाच होडीत, पाण्यात बांबू रोवत्यात. दोघांच्या रानातनं आरपार, थेट पलीकडच्या काठापत्तुर वाट आखलेली. मधी बनुबाई दोरी धरून बसलेली.

"दादा, तुझ्या रानात वाट अरुंद झालीय. ईतभर आनखी सोड!"

"सोडली! पन तूबी सोड की!"

मग दोघांचंबी लक्ष माझ्याकडं गेलं, अन् दोघं एका सुरात वरडले, "ए मच्छ्या! रानातनं न्हाई! वाटेनं जा!"

मी गुमान बनुबाईच्या वाटेनं गेलो.