मागची गाडी दिसेनाशी झाली

वायरलेस सेटवर मागच्या जीपमधून सुभेदार साहेबांचा आवाज आला. "आगे वाली गाडी, रुको. हमारी गाडी फँस गयी. ओव्हर."

आमचे हवालदार, माझे मालक, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. साप चावलेला हात सुजला होता. हिरड्यांतून रक्त येत होतं, ते मी पदरानं पुसत होते. रंगनाथ भाऊजींनी जीप थांबवली.

"थांबलात का?"

"वहिनी, साहेबांची गाडी आरशात दिसत नाय."

"मला हवालदार दिसतायत. चला."

ते स्टिअरिंग धरून तसेच बसले. बाहेर सगळी वाळू. हॉस्पिटल अजून लांब.

हे राजस्थानातलं वाळवंट. आम्ही दिंडोरीकडचे. आमचे हवालदार किसन, सुभेदार दत्तात्रय, नाईक सुरेश आणि ड्रायव्हर रंगनाथ, चौघं तोफखान्यात एकाच बॅटरीला, म्हणजे एकाच तुकडीत होते. पेन्शनीनंतर चौघं नाशिकलाच राहिले. नोकरीत असताना फायरिंगला ते याच वाळवंटात जायचे. फाल्गुनात तिथं रोहिडा फुलतो, केशरी आणि पिवळा. पण तोफ सोडून झाडाखाली बसायला कोणाला मिळालं नाही. म्हणून या फाल्गुनात दोन जीपा घेऊन ते तंबू ठोकायला निघाले. मी म्हटलं, मीही येते. सुभेदार साहेब म्हणाले, "वहिनी, तिथं बाथरूम नाय."

"माझ्या माहेरी पण नव्हतं," मी म्हटलं.

कॅम्पात सगळं फौजेसारखं. पहाटे उठायचं, तंबूचे दोर तपासायचे, बूट उलटे झटकून मगच घालायचे. जीपांतून बोलायला दोन सेट आणले होते. बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणायचं. चहा मागताना शेजारी बसूनसुद्धा म्हणायचे.

त्या सकाळी हवालदार रोहिड्याखाली चुलीसाठी काटक्या वेचत होते. बूट झटकलेले होते. गळलेल्या फुलांच्या थरात हात घातला आणि फुरसं चावलं. सुभेदार साहेब ओरडले नाहीत. "हात हलवायचा नाय. गाडीत घ्या. मूव्ह." तंबू तसेच सोडून निघालो. पुढच्या जीपमध्ये आम्ही तिघं, मागच्या जीपमध्ये साहेब आणि सुरेश.

फौजी कॉन्व्हॉयची, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याची, एक रीत आहे. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की पुढच्यानं थांबायचं. एकटी गाडी वाळूत रुतली तर तिला ओढायला कोणी नसतं. याच रीतीनं आमचे हवालदार तरुणपणी वाचले होते. त्यांचा ट्रक असाच मागं बंद पडला, पाणी संपलं. साहेबांनी अख्खा कॉन्व्हॉय उभा केला आणि स्वतः मागं जाऊन त्यांना आणलं.

हे मला ठाऊक होतं. तरी मी रंगनाथ भाऊजींच्या हातातून सेट घेतला आणि बटण दाबलं.

"आम्ही थांबणार नाय. यांना रक्त येतंय."

"ओव्हर म्हणा, वहिनी," भाऊजी पुटपुटले.

"ओव्हर."

नुसती खरखर. मग साहेब बोलले, "रुको. ये ऑर्डर है. ओव्हर."

मी सेट बंद करून पायाखाली टाकला.

"ऑर्डर तुम्हाला हाय, भाऊजी. मी कधी भरती झाले नाय. गाडी काढा, नायतर मी यांना पाठीवर घेऊन निघते."

"तुम्ही घ्याल पण," ते म्हणाले आणि गिअर टाकला.

हॉस्पिटलात लगेच विषावरची लस सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, याहून उशीर चालला नसता. रंगनाथ भाऊजी दोर घेऊन त्याच पावली परत फिरले.

मागं काय झालं ते सुरेशनं सांगितलं. साहेब स्वतः फावड्यानं चाकाखालची वाळू काढत होते. सुरेशनं फावडं मागितलं, त्यांनी दिलं नाही. ऊन डोक्यावर आलं. साहेब छाती धरून चाकाला टेकून बसले. सुरेश सेटवर ओरडत राहिला, "आगे वाली गाडी, जवाब दो." आमचा सेट बंद होता. भाऊजी पोहोचले तेव्हा साहेब गेले होते.

देवळाली कॅम्पात पेन्शनर मंडळी अजून म्हणतात, हिनं कॉन्व्हॉय तोडला. तोडला. दहाव्याला मी साहेबांच्या घरी गेले. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या बायकोनं सगळ्यांसमोर विचारलं, "सेट का बंद केला?"

"चालू असता तर भाऊजी थांबले असते."

"साहेबांनी जन्मात कोणाला मागं टाकलं नाय."

"ठाऊक हाय. माझ्या माणसालाच आणलं होतं त्यांनी."

त्या रडल्या. मी उठले नाही, संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ बसले.

हवालदार घरी आल्यावर माझ्याशी बोलेनात. बोलले नाहीत, पण ताटावर बसले. अबोला धरायलाही माणूस जिवंत लागतो. पुढं एकदा जेवताना म्हणाले, "साहेब माझ्यासाठी थांबले होते गं."

"तुम्ही होता म्हणून मी नाही थांबले," मी म्हटलं. "परत वेळ आली तर परत नाय थांबणार. भाकरी घ्या."

त्यांनी घेतली.

सुभेदार दत्तात्रय वाळूत गेले. हवालदार किसन, नाईक सुरेश, ड्रायव्हर रंगनाथ आणि मी, आम्ही चौघं जगलो.