आधी डोळे, मग हात

"आधी डोळे, मग हात," असं म्हणून ते दोन्ही हात पाठीमागे बांधत. समोर जुनी बंदूक आली की हे ठरलेलंच. स्टुटगार्टला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे निवृत्त कारागीर जुन्या बंदुकांची पारख करत.

तुम्ही त्यांना पाहायला हवं होतं. आधी नुसते स्क्रू बघत. खाच कुरतडलेली दिसली की पुटपुटत, "आल्झो, म्हणजे कुणीतरी अडाण्याने उघडलीय." मग नळीच्या टोकाशी पांढरा कागद धरून आत डोकावत. शेवटी ट्रिगरखालची लिव्हर खाली-वर करून डोळे मिटून आवाज ऐकत. तेवढा वेळ मी श्वाससुद्धा जपून घ्यायचे.

त्यांच्या स्वतःकडे आजोबांनी अमेरिकेहून आणलेली लिव्हरची रायफल होती, मधला भाग पितळी. मूलबाळ नव्हतं. ती रायफल म्युझियममध्ये जावी, एवढीच त्यांची इच्छा. म्युझियमच्या बाई यायच्या दिवशी रायफल टेबलावर ठेवून, माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, राखणीला बसवून ते बाईंना आणायला एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनवर गेले. मी वर मीटिंगमध्ये अडकले होते. नेमका दसरा होता.

आईंनी काय करावं? वरून चिंच-मीठ नेलं, काळपट पितळ घासून लखलखीत केलं, वर कुंकू लावलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. "दसऱ्याचं शस्त्र असं कळकट ठेवतात होय?" मी खाली आले तेव्हा त्या खुशीत होत्या. तेवढ्यात ते आणि बाई दारात आले.

त्यांनी हात पाठीमागे बांधले. पितळेवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला तो काळपट रंग म्हणजे तिच्या अस्सलपणाची खूण, आणि तीच गेली होती. मी आईंना हे सांगितलं, तशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्हीच पारख करा," बाई हळूच म्हणाल्या.

आणि त्यांनी ती केली, परक्याची असावी तशी. "पितळ आजच घासलंय. किंमत निम्म्यावर आली. लाकूड मूळचं. नळी स्वच्छ. स्क्रूंना कुणी हात लावलेला नाही." आवाज जरासुद्धा हलला नाही. मी थक्क होऊन बघत राहिले.

मग आईंकडे वळून त्यांनी विचारलं, "हे लाल कशासाठी?"

"वर्षभर जे साथ देतं, त्याला आज नमस्कार करायचा," आई कशाबशा म्हणाल्या. मी ते जर्मनमध्ये सांगितलं.

"जन्मभर मी बंदुकांची किंमत केली," ते म्हणाले. "नमस्कार राहिलाच." आणि त्यांनी आपली ताठ मान रायफलीपुढे वाकवली. मग बाईंना म्हणाले, "नेणार असाल तर लाल पुसायचं नाही. तेसुद्धा आता हिच्या स्थितीचा भाग आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणून बाईंनी रायफल नेली.

आता ते नाहीत. यंदा दसऱ्याला मी आईंना म्युझियममध्ये घेऊन गेले. पितळ पुन्हा काळवंडू लागलंय. एका स्क्रूच्या खाचेत कुंकू अजून आहे.

"आई, काचेला हात लावू नका हं," मी म्हटलं.

त्यांचे हात आधीच पाठीमागे बांधलेले होते. नमस्कारालाही त्यांनी ते पुढे आणले नाहीत. नुसती मान वाकवली, त्या दिवशी त्या कारागिरांनी वाकवली होती तशी.