एकटीचे एकवीस किलोमीटर

केनवडची वैजयंती धावायला लागली ती आई गेल्यावर. त्याआधी ती फक्त उड्या मारायची.

आई म्हणजे सोजरबाई. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या खाटेला खिळल्या, त्या शेवटपर्यंत. थोरला भाऊ जगदेव पुण्याला कंपनीत होता. वैजयंतीचं लग्न आधी ठरता ठरता राहिलं होतं, आणि मग आईच्या दुखण्यात तो विषय कोणी काढलाच नाही. घरात शिलाई मशीन होतं, गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायला येत. अधूनमधून उठून आईला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा. बाहेर पडायचं ते किराणा आणि औषधांपुरतं.

आईला उचलताना एकदा वैजयंतीची पाठ धरली. जगदेवच्या मुलीनं, वैभवीनं, पुण्याहून फोनवर व्हिडिओ पाठवला. "आत्या, रोज हे कर. जागा लागत नाही, वेळ लागत नाही. फक्त जीव तोडून करायचं."

व्हिडिओतली बाई काही सेकंद अंगात आल्यासारखी उड्या मारी, क्षणभर थांबे आणि पुन्हा सुरू करी. बैठका, उड्या, जमिनीवर झोपून परत उभं राहणं. वैजयंतीनं दार लावून घेतलं, ओढणी कमरेला बांधली आणि खाट नि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत सुरुवात केली. पहिल्या दिवशी ती अर्ध्यातच खाली बसली.

सोजरबाईंची जीभ जड झाली होती, तरी त्या बोलल्याच. "काय करून राह्यली वं? भुई हालते न!"

"हालू दे. तुले उचलाले ताकत लागते, माय."

सोजरबाई तोंडाच्या एका बाजूनं हसल्या. पुढे तो त्यांचा रोजचा खेळच झाला. वैजयंती थांबली की त्या चांगल्या हाताची बोटं हलवून म्हणत, "हं, चाल!"

त्या गेल्या ते थंडीचे दिवस होते. तेरवी झाली, पाहुणे पांगले, जगदेवही गेला. वैजयंतीला मात्र रात्री तशीच जाग येत राहिली. ती उठायची, दोन पावलं टाकायची आणि मग आठवायचं.

अशाच एका पहाटे तिनं उड्या मारल्या, घाम पुसला. अजून उजाडलं नव्हतं. चहा एकटीपुरता करायचा, मशीनवर बसायचं, आणि मग? तिनं बूट घातले आणि मेहकर रोडला लागली. समृद्धी महामार्ग झाल्यापासून त्या रस्त्यावरची ट्रकची गर्दी जरा कमी झाली होती.

तिला वाटलं, इतकी वर्षं उड्या मारल्यात, पळणं काय अवघड आहे? ती व्हिडिओतल्यासारखीच जीव तोडून सुटली आणि पुलापाशी पोचेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली. जोर होता, धीर नव्हता. कठड्याला टेकून ती उभी राहिली, तशी एक मोटरसायकल थांबली.

"काय झालं, ताई? घरी काही कमी-जास्त झालं का?"

"नाही जी. पळून राह्यली."

"काहून?"

"असंच," ती म्हणाली. तो माणूस दोनदा मागे वळून बघत निघून गेला. गावाकडे चाळिशीची बाई रस्त्यानं पळते ती कोणी गेलं तर, नाहीतर कुठं आग लागली तर.

वैभवीला हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली. मग म्हणाली, "आत्या, जानेवारीत वाशीमला एकवीस किलोमीटरची शर्यत आहे. नाव दे. मीपण देते. दोघी पळू."

दोघी. हा शब्द वैजयंतीनं कितीतरी दिवस जपला.

मग ती दोन्ही गोष्टी रोज करू लागली. पहाटे पळणं, संध्याकाळी उड्या. दिवाळीच्या आत नडगीत कळ निघायला लागली. मशीनचं पायडल मारतानाही दुखे. वाशीमच्या वाटेवरच्या मालेगावच्या डॉक्टरांनी नडगी दाबून पाहिली.

"हाड आहे ते, लोखंड नाही. दोन्हीतलं एक सोडा."

तिला एकही सोडवेना. उड्या आईच्या वेळच्या होत्या आणि पळणं वैभवीसोबतचं होतं. मग तिनं दोन्हींची वाटणी केली. मंगळवारी आणि शुक्रवारी उड्या, त्याही थोड्याच. मधल्या दिवशी सावकाश पळणं, इतकं सावकाश की स्वतःशी बोलता यावं. रविवारी लांब, मालेगावच्या बाजूला. सोमवारी काही नाही.

सगळ्यात जड जायचा तो सोमवार. अंगाला थकवा नसला की घराचा आवाज ऐकू येई. नळाचा थेंब, पत्र्यावरची मांजर. मशीन थांबवलं की तेवढंच.

मध्ये शेजारची संगीता काही दिवस उड्या मारायला आली. त्या चिंचोळ्या जागेत दोघी एकमेकींवर आदळत. "मी तं मरतो वं बाई," म्हणत संगीता खाटेवर लोळायची आणि वैजयंतीला हसू आवरायचं नाही. मग ती यायची बंद झाली. ब्लाऊज न्यायला आली तेव्हा खाली बघत म्हणाली, "सासू नाही म्हंते. म्हंते, तिले मांगं ना पुढं कोणी. तुले लेकरं हायेत."

"बाही सैल केली आहे," वैजयंती म्हणाली. "घालून पाह्यजो."

नडगी हळूहळू बरी झाली. एका रविवारी मालेगावच्या अलीकडचा चढ ती न थांबता चढली. वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की मांड्यांतलं हे बळ उड्यांचं आहे, आणि श्वास शांत आहे तो सावकाश पळण्यामुळे. हे कोणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं होती. ती वळली आणि परत निघाली.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती वाशीमला लॉजवर उतरली. दोन पलंगांची खोली घेतली होती. "सोबत कोण?" मॅनेजरनं विचारलं. "भाची येऊन राह्यली पुण्याहून," तिनं सांगितलं. पिशवी ठेवते न ठेवते तोच फोन आला.

"आत्या, रागावू नको ना. ऑफिसनं सुट्टीच रद्द केली. आणि खरं सांगू? माझी तयारीपण झाली नाही."

"असू दे, बाई. काम पाह्य तुयं."

खिडकीखाली ऑटो ओरडत होते. वैजयंतीनं दुसऱ्या पलंगावर आपले उद्याचे कपडे मांडून ठेवले.

सकाळी पोरंपोरी तिला मागे टाकून भराभर पुढे गेली. ती आपल्या चालीनं निघाली. अर्ध्या वाटेनंतर तीच पोरं चालताना दिसू लागली. शेवटी पुलाचा चढ आला. तिथं बहुतेकांनी पळणं सोडलं होतं. वैजयंती पळत राहिली. नडगी ठणकत होती, तोंडाला कोरड पडली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कशाचं, हे बघायला तिला उसंत नव्हती.

चाळिशीवरच्या बायकांत तिचा तिसरा नंबर आला. असा काही नंबर असतो हे तिला माइकवर नाव पुकारलं तेव्हा कळलं.

"विजेत्यांच्या घरच्यांनीही फोटोसाठी वर यावं!" निवेदक म्हणाला. पहिलीचा नवरा आणि दोन मुलं चढली. दुसरीचं अख्खं महिला मंडळ चढलं. वैजयंतीनं गर्दीकडे पाहिलं. कोणी नाही हे ठाऊक असूनही पाहिलं.

"ताई, तुमचे कोण?"

"मी एकटीच आहो. काढा फोटो."

माइक जवळ होता, त्यामुळे ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. मग फोटो निघाला.

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. मालेगाव गेलं, केनवड आलं. घरी आल्यावर उंबरा ओलांडताना गुडघा वाकेना, तेव्हा ती चौकटीला धरून आत गेली.

संध्याकाळी जगदेवचा फोन आला. "वैभवीनं सांगतलं. तिसरी आली म्हने! झालं ना मंग समाधान? आता बंद कर हे. लोक काय काय बोलून राह्यले."

"बंद करून पहाटे उठून काय करू, दादा?"

पलीकडे टीव्ही चालू असावा, कोणीतरी हसलं.

"जेवली का?" जगदेवनं विचारलं.

"जेवली," वैजयंती म्हणाली. फोन ठेवून, भिंतीचा आधार घेत ती उठली आणि कणीक मळायला बसली.