परबकाकांचं मनगट

परबकाका कोणालाही भेटले की आपल्या मनगटाची मागची बाजू त्याच्या मनगटाला टेकवायचे. नमस्कार नाही, हात मिळवणं नाही. क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "कोणाशी भांडान इलंस गो?" आणि खरंच मी भांडून आलेली असायचे. साकीनाक्याला गाळ्यांच्या इमारतीत ते खाली लेथवर टर्नर होते, मी वरच्या मजल्यावर कॉइल गुंडाळायचे. लेथलाही ते तसंच मनगट लावायचे आणि बेअरिंग जायला आलंय का ते सांगायचे. मला आधी हा माणूस थोडा सटकलेलाच वाटला होता.

तरुणपणी ते जहाजावर खलाशी होते. पेनांगला जहाज दुरुस्तीसाठी अडकून पडलं, तेव्हा बंदरावरच्या एका म्हाताऱ्या चिनी स्वयंपाक्याने त्यांना ही विद्या शिकवली. हल्ली बागेत लोक संथपणे हात फिरवतात आणि त्याला ताई ची म्हणतात, तेच हे. काका त्याला 'चिन्याचो हात' म्हणायचे. आणि त्यांच्याकडे तो व्यायाम नव्हता, मारामारी होती.

त्या सुमारास एक माणूस रोज सुटायच्या वेळी गल्लीतून माझ्या मागे मागे यायचा. घरी सांगितलं असतं तर नोकरीच बंद झाली असती. काकांना सांगितलं. त्यांनी ना धीर दिला ना उपदेश केला. "रविवारी गच्चीर ये," एवढंच म्हणाले.

गच्चीवर आम्ही पाच-सहा जण असायचो. सहा महिने मी फक्त काकांच्या मनगटाला मनगट लावून उभी होते. ते ढकलायचे, मी मागे सरायचं, कंबर वळवायची आणि त्यांचा तोल कुठे चाललाय ते ओळखायचं. "जोर लाव नको. हातान आयक," हे दिवसातून पन्नास वेळा. नियम मात्र एकच होता, आपणहून पडाचा नाय. गुरुजींना बरं वाटावं म्हणून पडणारे त्यांना अजिबात खपायचे नाहीत. आमच्यातला एक बँकवाला असाच अदबीने पडला, तर त्याला महिनाभर जिन्यावर बसवून ठेवलं. "तुजी अदब माका नको. रस्त्यार कोण तुका अदबीन मारतलो?"

एका संध्याकाळी त्या माणसाने माझा हात धरला. मी हिसका दिला नाही. त्याने ओढलं तशी उलट त्याच्याच अंगावर गेले, कंबर वळली, कोपर छातीत बसलं आणि तो उघड्या गटारात आडवा. दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. कसलं काय!

"तुजो पाय खंय होतो?"

"कोणाला आठवतंय, काका!"

"तो आपणहून पडूक नाय मां?"

चार वर्षं गेली. काकांना साखर होती, पण पथ्याचं नाव काढलं की ते दुसराच विषय काढायचे. एकदा चहा घेताना त्यांच्या मनगटावर चार आण्याएवढा फोड दिसला. भाजल्याचा होता, ताजा. मी बोट दाखवलं तेव्हा त्यांनी पाहिला आणि मलाच विचारलं, "ह्या कधी झाला?" भाजलेलं त्यांना कळलंच नव्हतं. मी काय समजायचं ते समजले. कोणाजवळ बोलले नाही.

नेमकं तेव्हाच घाटकोपरचे एक कराटेचे सर बघायला यायचे ठरले. त्यांच्याकडे हॉल होता, शंभरेक मुलं होती. पसंत पडलं तर काकांना तिथे शिकवता येणार होतं. "माज्यावांगडा ह्या मराक नको," असं काका कितीदा तरी म्हणायचे. ही विद्या आपल्याबरोबर संपू नये, यापलीकडे त्यांना दुसरं काही नकोच होतं.

रविवारी सर आले. काकांनी मला पुढे बोलावलं. मनगटाला मनगट लावलं आणि कळलं की पलीकडे कोणीच नाही. मी डावीकडे वळत होते, ते उजवीकडे माझी वाट बघत होते. सर बघतायत, सगळे बघतायत. मी स्वतःला मागे टाकून दिलं. चांगली चार पावलं धडपडत जाऊन पडले.

"झकास!" सर म्हणाले. टाळ्या वाजल्या.

काका जागचे हलले नाहीत. "ह्या चेडू आपणहून पडला," ते सरांना म्हणाले. "मी पाडूक नाय."

"काका, काहीतरीच काय!"

"उठ. आता ढकल. खराच ढकल."

मी ढकललं. ते धप्पकन बसले, पाण्याच्या टाकीवर कोपर सोलवटलं. कोणी हसलं नाही. "हो हात गेलो. आता ह्येका कायच कळना नाय," ते बसल्या बसल्याच म्हणाले. सरांनी बूट घातले आणि निघून गेले. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्यांचं कोपर धुतलं, घरी गेले, जेवले आणि झोपले. पुढच्या रविवारपासून गच्चीला कुलूप लागलं.

पुढे त्यांचा पाय कापावा लागला आणि वर्षभरात ते गेले. स्मशानात बायका जात नाहीत, मीही गेले नाही. त्या दिवशी कामावर होते, रोजच्याइतक्या कॉइल गुंडाळल्या. अजूनही वाईट वाटेल म्हणून थांबते आणि काहीच वाटत नाही.

शेवटचं भेटले ते त्यांच्या गोवंडीच्या खोलीवर. काकू पाणी भरायला गेल्या होत्या. काकांनी खाटेवरूनच विचारलं, "त्या दिवशी गच्चीर किती जोर लावलंस?"

"सगळा," मी म्हटलं.

"बरा केलंस," ते म्हणाले आणि समाधानाने डोळे मिटले.

अर्धासुद्धा लावला नव्हता.