बिननावाच्या गोळ्या

मालूअक्का, माझी थोरली बहीण, गेली त्याला दीड महिना झाला. तिच्या रक्ताचा रिपोर्ट परवा आला. मी वाशीच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. असे कागद रोज हातावेगळे करतो. हा मात्र हातातून सुटेना...

लग्न करून साताऱ्याकडून आली आणि दाजींच्या पाठोपाठ कांदा-बटाटा मार्केटात गेली. दाजी गोणी वाहायचे, ती कांदे निवडायची. चाळिशीत तिची बोटं आखडायला लागली. सकाळी तांब्यासुद्धा धरवेना. नाक्यावरच्या दवाखान्यातल्या माणसानं, जो डॉक्टर नव्हताच, पांढऱ्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. दोन दिवसांत बोटं मोकळी झाली. तीन वर्षं खाल्ल्या तिनं त्या. चेहरा गोल झाला, तर आम्ही म्हणालो, अक्का सुधारली. मीही म्हणालो. दिवसभर लोकांचं रक्त तपासणारा मी, ती पुडी कधी उघडून पाहिली नाही.

थंडीत घरात फ्लू शिरला. दाजी पाचव्या दिवशी कामावर गेले. अक्काचा ताप हटेना, मग धाप लागली. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी दोघांचंही रक्त पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा घेऊन बाहेर तपासायला पाठवलं. दुसऱ्यांदा घेतल्यावर तिसऱ्या दिवशी ती गेली.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, विषाणूशी लढायला शरीर अँटीबॉडीज तयार करतं. दाजींच्या रक्तात त्या भरपूर वाढल्यात, अक्काच्या रक्तात जवळजवळ नाहीतच. वय, खाणंपिणं, जुनं दुखणं, कशानंही त्या कमी पडू शकतात. "पण त्या पुडीतलं, चेहरा नि अंग सुजवणारं स्टेरॉइड तीन वर्षं पोटात गेल्यावर," ते म्हणाले, "मी दुसरं कारण शोधत बसणार नाही."

तसाच नाक्यावर गेलो. तो माणूस खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "दुखणं थांबलं होतं की नाही?" एवढंच म्हणाला. बाकावर मार्केटातल्या चार बायका बसल्या होत्या, चौघींचेही चेहरे गोल. मी त्यांना सगळं सांगितलं, मोठ्या हॉस्पिटलात चला म्हणालो. एकीनं शांतपणे विचारलं, "आनि तवर बोटं चालली न्हाईत तर कांदा कोन निवडंल, भाऊ?"

संताप त्या माणसाचा येतो, त्या भरलेल्या बाकाचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा.

काल दाजींनी अक्काची पेटी उघडली. तिचे सगळे ब्लाउज काखेत उसवून, आतलं कापड सोडून पुन्हा शिवलेले. कुणाला न सांगता ती ते सैल करत होती. शेवटच्या ब्लाउजची एकच बाजू झाली होती. दुसऱ्या बाजूला सुई दोऱ्यासकट टोचून ठेवलेली...