तिळाएवढी अफू

बाळंतपणातच तिची आई गेली, म्हणून माझी पोरगी थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या हातावर वाढली. आक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. निजामाची अमदानी होती. जळकोटच्या शिवारात आमचं थोडं रान होतं आणि चुलत्याशी अर्ध्या वाट्यात एक विहीर. आक्का खुरपायला जायची, मी मोट हाकायचो. पोरगी चालायला लागली, घरात कोंडून राहीना, तेव्हा मी तिला मोटेवर न्यायला लागलो.

शेणकिडा गोळी ढकलत निघाला की ही पालथी पडून त्याच्या मागं सरपटायची. वारुळाला कान लावून बसायची. खडा सापडला की आधी स्वतः चाटायची, मग मला चाटायला द्यायची. एकदा बैलाच्या कानात बोट घालून तिनं विचारलं, "आत कोन हाय?" बैल मुकाट उभा राहिला, तो त्याचा चांगुलपणा. पाटावर धुणं धुणाऱ्या बाया हसायच्या.

"पटवाऱ्याची लेक हाय गं ही! समद्या शिवाराची तपासणी करती!"

मलाही हसू यायचं. पण मोट हाकणाऱ्याला मागं बघायची सोय नसते. बैल उतारावरून खाली जाताना माणूस दोरावर बसतो, पाणी थारोळ्यात पडलं की बैल मागं सारत परत विहिरीच्या तोंडाशी आणायचे. थांबलं की पाट सुकतो. विहिरीला कठडा नव्हता. एकदा वळून बघतो तर पोरगी काठावर पालथी, डोकं आत लोंबतंय.

"बा, पानी झोपलंय," ती हळूच म्हणाली. त्याची झोप मोडू नये म्हणून.

मी तिला ओढून बाजूला केलं आणि मारलं. संध्याकाळी आक्काला सांगितलं.

"मग तिळाएवढी अफू द्यावी की," आक्का म्हणाली. "समद्या बाया देत्यात. तुला काय अंगाई गाऊन निजवत हुती व्हय आई? तूबी त्याच्यावरच वाढलायस."

खरंच होतं ते. रानात जाणाऱ्या आया लेकरांना अफू चाटवूनच झाडाखाली निजवायच्या. नळदुर्गच्या बाजारात परवान्याच्या दुकानात ती उघड मिळायची. आक्का रोज सकाळी गुळात घालून द्यायला लागली. पोरगी बाभळीखाली निजायची, माझी मोट सरळ चालायची. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहितो.

त्या दिवशी ती दुपारीच उठली. दिवस मावळेपर्यंत पाण्याची पाळी आमची होती, मग चुलत्याची. कांद्याचे दोन वाफे राहिले होते. पाटाच्या डबक्यातली बेडकाची काळी पिल्लं ओंजळीत घेऊन ती माझ्याकडं आली. अंगभर चिखल.

"बा, ह्येंची आय कुठं हाय?"

"पाण्यात."

"माजीबी पान्यात?"

मी बैलांना हाक दिली. ती थारोळ्याशी पळाली, वाकली, आणि पाण्यात तोंड घालून ओरडली, "आयेऽ!" मग उत्तर येतंय का म्हणून ऐकत राहिली. पुन्हा ओरडली.

मी बैल थांबवले. आक्कानं अडीनडीला म्हणून दिलेली अफूची डबी माझ्या कनवटीला होती.

पाळी चुकू नये म्हणून दिली, असं मी पुष्कळ वर्षं मनाला सांगत आलो. खोटं आहे ते. ती हाक मला परत ऐकायची नव्हती. सकाळी आक्कानं दिलीय, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि माझ्या चिमटीतली गोळी तिळाएवढी नव्हती.

दोन्ही वाफे भिजले. दिवस मावळताना उठवायला गेलो तर मान कलंडली. ओठ निळसर झाले होते. श्वास येत होता, पण एक आला की दुसरा येतो का नाही असं वाटावं इतका उशिरा. आक्कानं कांदा फोडून नाकाशी धरला, गालावर मारलं. मग गाडी जुंपून आम्ही नळदुर्ग गाठलं.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी कंदील जवळ घेऊन तिची पापणी उचलली. "अफीम? कित्ती दी?"

"सकाळी तिळाएवढी, साहेब. देवाशप्पत," आक्का म्हणाली.

"एका तिळानं असं होत नाही. नंतर कुणी दिली का? खरं सांगा. त्यावरच मला ठरवायचंय."

आक्का माझ्याकडं वळली. "आरं, बोल की. तू दिलीस का?"

"न्हाय."

एवढंच बोललो. आक्कानं आपला उजवा हात भिंतीवर आपटला. "मग माझाच हात जड पडला रं!" डॉक्टरांनी पोरीच्या घशात काळी कॉफी ओतली, ओकवलं, तळव्यांवर फटके मारले. मीही तळवे चोळत होतो. खरा शब्द जिभेवर होता, तो तसाच धरून चोळत होतो. सांगितला असता तर काही वेगळं झालं असतं का, ते आता कुणीच सांगू शकत नाही.

सकाळी तिनं डोळे उघडले. आक्का डॉक्टरांच्या पाया पडली. मी बैलांना पाणी दाखवायला गेलो.

ती जगली. बसवलं तिथं बसायला लागली. माशी गालावरून चालली तरी बघायची नाही. बोलायची ते दोन-तीन शब्द, तेही भुकेचे. धुण्याच्या बाया म्हणाल्या, "किती गुणाचं लेकरू झालं गं!" मी त्यांच्याकडं बघून मान हलवली. आक्कानं पुन्हा तिला स्वतःच्या हातानं घास भरवला नाही. मरेपर्यंत तिनं तो दोष आपलाच मानला, आणि मी तो तिच्याकडंच राहू दिला.

पुढं मी वेड्यासारखा वस्तू आणायला लागलो. धोतराच्या सोग्यात सरडा आणला. सुगरणीचा खोपा फांदीसकट आणला. मोराचं पीस आणलं. ती मांडीवर ठेवलेलं ठेवल्या जागी राहू द्यायची. मोट चुलत्यावर सोडून मी दिवस दिवस हिंडायचो. एकदा एक चतुर सापडला, लाल शेपटीचा, उन्हात पंख चकाकणारा. पंख चिमटीत धरून मी तो तिच्या तोंडासमोर नेला.

"बघ की. ह्ये काय हाय?"

तिनं चतुराकडं पाहिलंच नाही. माझी चिमूट जवळ येताना पाहिली आणि तोंड उघडलं.

मी पुन्हा विचारलं. तिनं आणखी मोठं उघडलं.