विमान उलटलं तेव्हा लोक शूटिंग करत होते

मंडळी, आज दुपारी एकटीने ट्रेनिंगचं विमान उतरवताना माझं चुकलं. विमान धावपट्टी सोडून कुंपणापलीकडच्या धानाच्या बांधीत, चिखलाच्या शेतात, उलटं पडलं.

पट्ट्यात उलटी लटकून मी "दार उघडा" म्हणत होते. पेट्रोलचा वास येत होता. बाहेरून मोबाइल रोखून एक जण म्हणाला, "मॅडम, इकडे पाहा न जरा." शेवटी बाजूला धानाची रोवणी करणाऱ्या बायांनी मला ओढून काढलं.

दवाखान्यात फोन पाहिला. तोच व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर होता. चिखलात माझा चेहरा ओळखू येत नव्हता. खाली सख्ख्या काकांनी लिहिलं होतं, "पोरीच्या हाती विमान देतेच कायले?" आणि हसण्याचे इमोजी.

मी लिहिलं, "काका, ती मीच आहे."

काकांचा मेसेज लगेच डिलीट झाला. त्यांचा फोन अजून आला नाही.

सणाला त्यांच्या पाया पडायचं का, तुम्हीच सांगा.